पेस्लिपवरचे तीन विमे

नमस्कार, श्रोतेहो.

इंग्लंडमध्ये एजन्सीमार्फत लॉरी चालवणाऱ्यांच्या फोनवर दर आठवड्याला पेस्लिप येते. बहुतेक जण शेवटचा आकडा बघतात आणि फोन खिशात टाकतात. मीही तेच करायचो. लटरवर्थजवळच्या गोदामांतून मी रात्रीची क्लास वन, म्हणजे मोठी जोड-लॉरी, चालवायचो तेव्हाची ही गोष्ट.

२०२१च्या एप्रिलमध्ये आयआर ३५चे, म्हणजे स्वतःच्या कंपनीमार्फत काम करणाऱ्यांच्या कराचे, नियम खासगी क्षेत्रात बदलले. तोवर स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून पैसे घेणारे आम्ही कितीतरी जण अंब्रेला कंपन्यांकडे गेलो. काम एजन्सी देणार, लॉरी वाहतूकवाल्याची, आणि कागदोपत्री मालक ही अंब्रेला. छत्री त्यांची, तिचं भाडं मात्र आपण भरायचं! त्या भाड्याला ‘मार्जिन’ म्हणतात.

आता पेस्लिपवर ‘इन्शुरन्स’ हा शब्द तीनदा येऊ शकतो, आणि खरी गफलत तिथेच होते. त्यातले दोन नॅशनल इन्शुरन्सचे. नाव विम्याचं असलं तरी ती सरकारी वर्गणी आहे. एक वाटा कामगाराचा, तो पगारातून जातो. त्याबद्दल तक्रार नाही. दुसरा मालकाचा, २०२५च्या एप्रिलपासून १५ टक्के. हा वाटा कामगाराच्या पगारातून कापायला कायद्याने बंदी आहे. मग अंब्रेला काय करते? पगार ठरण्याआधीच तो काढून घेते. समजा, ताशी २० पौंडांनी ४५ तास भरले. एजन्सीने अंब्रेलाला ९०० पौंड दिले. त्यातून मालकाचा वाटा, ॲप्रेंटिसशिप लेव्ही (प्रशिक्षणासाठी मालकांवर असलेला कर) आणि मार्जिन गेलं, की तुमचा ‘ग्रॉस’ पावणेआठशेच्या आसपास उरतो. टॅक्स त्यानंतर. फोनवर ऐकलेले २० पौंड हा तुमचा दर नव्हताच, तो अंब्रेलाला मिळणारा दर होता. म्हणून एजन्सीकडून ‘की इन्फर्मेशन डॉक्युमेंट’ मागून घ्या. २०२०च्या एप्रिलपासून नव्या कामगाराला करार होण्याआधी तो देणं एजन्सीवर बंधनकारक आहे, आणि हातात किती पडेल याचं नमुन्याचं गणित त्यात असतं.

तिसरा विमा खरोखरचा. माझ्या पेस्लिपवर, टॅक्सनंतर, अगदी खाली एक ओळ होती: ‘ड्रायव्हर इन्शुरन्स, १२ पौंड ५०’. पाच शिफ्ट, शिफ्टमागे अडीच पौंड. मी फोन केला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, “गाडीला काही झालं तर एक्सेस तुमच्यावर येऊ नये म्हणून.” एक्सेस म्हणजे नुकसानीतला विमा कंपनी न भरणारा पहिला हिस्सा. मी पॉलिसी मागितली, आलं एक पानभर माहितीपत्रक. विमा कंपनीचं नाव नाही, पॉलिसी नंबर नाही.

लॉरीचा विमा, ज्याची लॉरी त्या वाहतूकवाल्याने काढायचा असतो. कामावर तुम्हाला इजा झाली तर त्यासाठीचा विमा मालकाने काढायचा, किमान ५० लाख पौंडांचा. हा १९६९चा कायदा. या दोहोंचा हप्ता ड्रायव्हरच्या माथी मारायचं कारण नाही. राहिला एक्सेसचा प्रश्न. तो तुमच्याकडून वसूल करायचा, तर तुम्ही आधी तसं लेखी मान्य केलेलं किंवा करारात असलेलं लागतं, असं १९९६चा रोजगार हक्क कायदा सांगतो. म्हणजे आधी करारात एक्सेसचं कलम घालायचं, मग त्याच कलमाच्या भीतीवर विमा विकायचा. धंदा म्हणून हुशारीचा आहे, हे मान्य करावं लागेल!

आमचाच विमा घेतलात तर काम देऊ, अशी अट एजन्सीला घालता येत नाही. आणि संमती नसताना पैसे कापले असतील तर ‘एकास’ (ACAS) या कामाच्या ठिकाणचे वाद मिटवणाऱ्या संस्थेला सांगा, पुढे रोजगार ट्रायब्युनल आहे. पण मुदत कमी असते, दिवाळीपर्यंत बघू म्हणून चालत नाही.

मी ईमेल पाठवून तो विमा बंद करायला सांगितलं. पुढच्या पेस्लिपवर ती ओळ नव्हती. आधीच्या अकरा आठवड्यांचे पैसे मागितले, तेव्हा त्यांनी माझाच ऑनलाइन फॉर्म परत पाठवला. चौथ्या पानावर, विम्यासमोरच्या चौकोनात, बरोबरची खूण. मी फॉर्म भरला तो गोदामाच्या फाटकाबाहेर, पहिल्या शिफ्टला पंधरा मिनिटं असताना.