सायलेन्सरमधली माती

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या पावसाळ्यात माझ्या अकरा वर्षांच्या पेट्रोल गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला आणि काही केल्या विझेना. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड आला पी-०४२०, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाहीये. मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, कॅटकॉन गेला, नवा टाकावा लागेल." त्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी आणली. दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीच्या जुन्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून एक्झॉस्टच्या जोडावर बसलेली काजळी मला दाखवली. जोडातली फट बंद करणारं गास्केट फुटलं होतं. तिथून बाहेरची हवा आत जात होती आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा पुढचा सेन्सर फसत होता. गास्केट बदललं, कोड पुसला, दिवा गेला.

म्हणून आज कन्व्हर्टर स्वस्तात कसा घ्यावा हे सांगण्याआधी मी विचारणार आहे, की तो खरंच गेलाय का?

हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे एक्झॉस्टच्या वाटेवरचा पत्र्याचा डबा. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी, आणि तिच्या भोकाभोकाला प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा अगदी पातळ लेप. इंजिनातून आलेला विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या जाळीतून जाताना बरीचशी कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजन होऊन बाहेर पडतात. आपल्याकडे १ एप्रिल १९९५पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि तेव्हाच्या मद्रासमध्ये नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला. शिसं नसलेलं पेट्रोलही त्याच वेळी आणावं लागलं, कारण शिसं त्या लेपावर बसलं की जाळी कायमची निकामी होते.

ही जाळी आपणहून सहसा मरत नाही, तिला कुणीतरी मारतं. प्लग किंवा कॉइल खराब झाली, गाडी मिसफायर करायला लागली, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट पेटेनासं झालं, की न जळलेलं पेट्रोल जाळीत येऊन पेटतं. जाळी अक्षरशः वितळते आणि वाट बंद होते. मग चढावर गाडी दम टाकते, पिकअप जातो. इंजिन ऑइल खात असेल तर त्यातलं फॉस्फरस लेपावर थर धरतं. हेड गास्केटमधून कूलंट गळत असेल तरी तेच. आणि एखाद्या उंच गतिरोधकावर डबा आपटला, तर आतली जाळी तुटून खुळखुळ्यासारखी वाजते. आता सांगा, मिसफायर तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला तर तो किती दिवस टिकेल? आधी रोग, मग डबा. या एका गोष्टीसाठी मी मेकॅनिकशी वाद घालायलाही तयार असते.

दोष खरा निघाला, तर काय घ्यायचं? कंपनीचा पार्ट महाग, पण नेमका बसतो. बाहेरच्या उत्पादकाचा नवा पार्ट बराच स्वस्त मिळतो, आणि चालतोही, मात्र गाडी कोणत्या वर्षाची आहे हे बघून. २०१३नंतरच्या गाड्यांमध्ये कन्व्हर्टरच्या मागेही एक सेन्सर असतो. जाळी ऑक्सिजन किती धरून ठेवते, हे तो सतत बघत असतो. स्वस्त डब्यात मौल्यवान धातू आणि ऑक्सिजन धरून ठेवणारं सिरियम कमी घातलेलं असेल, तर पीयूसी सुरुवातीला पास होते, पण काही महिन्यांत तोच दिवा पुन्हा डोळे वटारतो. म्हणून दुकानात 'सगळ्या गाड्यांना चालतो' असं ऐकलंत, तर इंजिनाचा प्रकार आणि गाडी कोणत्या प्रदूषण-मानकाची, बीएस-४ की बीएस-६, हे सांगून त्याच गाडीसाठीचा पार्ट मागा. कन्व्हर्टर गाडीच्या पोटाखाली असेल, तर चांगला वेल्डर सर्वसाधारण डबाही नीट बसवून देतो. तो इंजिनाला लागून असलेल्या मॅनिफोल्डलाच, म्हणजे धूर गोळा करणाऱ्या नळ्यांनाच जोडलेला असेल, तर तो नाद करू नका. वॉरंटी बिलावर लिहून घ्या, आणि मिसफायरमुळे जाळी वितळली तर ती लागू होते का, हेही विचारा.

जुन्या बाजारातल्या कन्व्हर्टरबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. मारुतीच्या इको गाड्यांचे सायलेन्सर कन्व्हर्टरसकट रातोरात कापून नेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. चोरांना हवी असते ती आतली 'माती', म्हणजे धातूंचा लेप असलेली जाळी. ती गाडी कुणाची? बहुतेक वेळा शाळेची मुलं नेणाऱ्या, दुधाच्या फेऱ्या करणाऱ्या माणसाची. सकाळी किल्ली फिरवली की ट्रॅक्टरसारखा आवाज येतो, आणि त्या दिवसाचा धंदा बुडतो. बिलाशिवाय मिळणारा डबा त्याच्याच पोटावरून आलेला असू शकतो. शिवाय त्यात जाळी शाबूत आहे की नाही, हे बाहेरून समजत नाही.

आणि जाळी फोडून रिकामी नळी बसवणं, किंवा मागच्या सेन्सरला अडसर लावून त्याला फसवणं, हे कुणी कितीही स्वस्तात करून देत असलं तरी करू नका. बीएस-४ पेट्रोल गाडीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. जाळीशिवाय ती पाळणं फार अवघड. मग पैसे देऊन खोटी पावती घ्यायची, आणि सिग्नलला शेजारी थांबलेल्या स्कूटरवरच्या लेकराच्या नाकासमोर तो धूर सोडायचा? मला ते पटत नाही.

खर्च कमी करायची एक सरळ वाट मात्र बरेच जण विसरतात. जुना कन्व्हर्टर तुमचा आहे. त्यातल्या धातूंना पैसे येतात, ते गॅरेजवाल्यांना ठाऊक असतं. काम सुरू करण्याआधीच सांगा, की जुना डबा परत द्या, नाहीतर त्याची किंमत बिलातून वजा करा. नवा बसल्यावर गाडी आठवडाभर नेहमीसारखी चालवा, पुन्हा एकदा स्कॅनर लावून घ्या, आणि त्यानंतरच पीयूसीला जा.

नमस्कार.