आत्याबाईच्या मिशा आणि फुटबॉलचे दावे

आपल्याकडे कुणी जर-तरचा हिशोब मांडायला लागला की आपण म्हणतो, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. बोलणं तिथेच संपतं. इंग्लिश फुटबॉलमध्ये मात्र या मिशांची किंमत ठरवायला निवृत्त न्यायमूर्ती बसलेले आहेत, आणि ती किंमत कोट्यवधी पौंडांत निघालेली आहे.

एका क्लबाने दुसऱ्यावर दावा ठोकला की स्टँडमध्ये विनोदांची रांग लागते. मग त्या गोलकीपरवरही लावा, रेफरीवर लावा, १० वर्षांपूर्वी आमची पेनल्टी नाकारली त्याचे व्याजासह द्या. हे विनोद मी आज गांभीर्याने घेणार आहे. वकील ज्या मुद्द्यावर दिवसेंदिवस भांडतात तोच या विनोदांत असतो: नुकसानीची साखळी नेमकी कुठे तोडायची?

१३ मे २००७ घ्या. प्रीमियर लीगचा शेवटचा दिवस. शेफिल्ड युनायटेडला घरच्या ब्रामल लेनवर विगनशी नुसती बरोबरी पुरणार होती. ते २-१ हरले. विगनचा विजयी गोल डेव्हिड अन्सवर्थने पेनल्टीवर मारला, आणि हा अन्सवर्थ त्याच मोसमात जानेवारीपर्यंत शेफिल्डचाच खेळाडू होता. तिकडे ओल्ड ट्रॅफर्डवर वेस्ट हॅमने मँचेस्टर युनायटेडला १-० हरवलं. गोल कार्लोस तेवेसचा. शेवटचा तक्ता असा: वेस्ट हॅम ४१ गुण, विगन ३८, शेफिल्ड ३८. विगनचा गोलफरक उणे २२, शेफिल्डचा उणे २३. एका गोलाने शेफिल्ड खालच्या लीगमध्ये गेलं. वेस्ट हॅमचा गोलफरक होता उणे २४. म्हणजे त्यांचे फक्त ३ गुण कापले असते, तर तिघंही ३८ वर आले असते आणि वेस्ट हॅम बुडालं असतं.

गुण कापण्याचा प्रश्न आला कुठून? तेवेस आणि माशेरानो ३१ ऑगस्ट २००६ला ब्राझीलच्या कोरिंथियन्सकडून वेस्ट हॅमला आले. पण तेवेसचे आर्थिक हक्क व्यावसायिक किया जोराबचियान यांच्याशी संबंधित कंपन्यांकडे होते, आणि त्याला केव्हा विकायचं यावर त्या कंपन्यांचा ताबा ठेवणारा वेगळा करार होता. प्रीमियर लीगचा तेव्हाचा यू-१८ नियम सांगत होता की संघाच्या धोरणावर किंवा कामगिरीवर बाहेरच्याचा प्रभाव पडेल असा करार क्लबाने करू नये. वेस्ट हॅमने तो करार लीगपासून लपवला. २७ एप्रिल २००७ला शिस्तपालन आयोगाने ५५ लाख पौंड दंड केला, गुण मात्र कापले नाहीत. मोसम संपत आलेला असताना गुण कापले तर खेळाडू आणि चाहते भरडले जातील, हेही एक कारण दिलं गेलं. शेफिल्डचे चाहते भरडले गेलेच, हे मला आजही खटकतं.

शेफिल्ड कायद्याच्या वाटेने निघालं आणि विनोद सुरू झाले. अन्सवर्थवर लावा. त्याला सोडणाऱ्या स्वतःच्याच क्लबावर लावा. घरी हरणाऱ्या मँचेस्टर युनायटेडवर लावा. लिव्हरपूलने मेच्या सुरुवातीला राखीव खेळाडू उतरवून फुलहॅमकडून १-० मार खाल्ला आणि फुलहॅम वाचलं, तर त्यांच्यावरही लावा. यातला प्रत्येक विनोद म्हणजे कार्यकारणभावाची एक कसोटी आहे. ३८ सामन्यांच्या मोसमात शेफिल्ड बुडण्याची शेकडो कारणं सापडतात. त्यातलं एकच उचलून त्याच्यावर पैसे मागायचे, तर ते कारण बाकीच्यांहून वेगळं का, हे दाखवावं लागतं. नाहीतर नाचता येईना अंगण वाकडं, असंच लोक म्हणणार.

आधी एक पायरी मागे जाऊ. शेफिल्ड आणि वेस्ट हॅम यांच्यात करार कुठला? दोघांनी एकमेकांसमोर कधी सही केलेली नाही. याचं उत्तर शिडाच्या नौकांच्या शर्यतीतून येतं. १८९४ला स्कॉटलंडच्या क्लाइडवर ‘सॅटनिटा’ने लॉर्ड डनरेव्हन यांची ‘व्हॅल्किरी’ धडक देऊन बुडवली. कायद्यातली भरपाईची मर्यादा नौकेच्या टनांवर ठरायची आणि ती तुटपुंजी होती. शर्यतीचे नियम मात्र सांगत होते की नियम मोडणाऱ्याने सगळं नुकसान भरायचं. १८९७ला हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ठरवलं की एकाच नियमावलीवर नाव नोंदवून शर्यतीत उतरलेले सगळे एकमेकांशीही करारबद्ध होतात. फुटबॉल लीगही तशीच चालते. सदस्यत्व घेतलं की प्रत्येक क्लब बाकीच्या सगळ्यांना शब्द देऊन बसतो. अन्सवर्थने पेनल्टी मारली तेव्हा कुठला नियम मोडला नाही, लिव्हरपूलने राखीव खेळाडू उतरवले तेव्हाही मोडला नाही. वेस्ट हॅमने मोडला. विनोदांतली निम्मी नावं इथेच गळतात.

पुढची अडचण मंचाची. इंग्लिश एफएच्या, म्हणजे तिथल्या फुटबॉल संघटनेच्या, ‘के’ नियमानुसार क्लबांमधले वाद लवादापुढे जातात, बंद दाराआड. म्हणून चाहत्यांच्या कल्पनेतली टोप-झग्यातली सुनावणी प्रत्यक्षात कुणाला दिसत नाही. शेफिल्डचा पहिला लवाद प्रीमियर लीगविरुद्ध होता. जुलै २००७ला ते हरले, कारण आयोगाचा निर्णय कितीही सौम्य वाटला तरी अधिकाराबाहेरचा नव्हता. दुसऱ्या फेरीत त्यांनी निशाणा बदलला आणि थेट वेस्ट हॅमकडे भरपाई मागितली. अध्यक्षस्थानी लॉर्ड ग्रिफिथ्स, हाऊस ऑफ लॉर्ड्सचे निवृत्त न्यायमूर्ती आणि एमसीसी या क्रिकेट क्लबाचे माजी अध्यक्ष.

तेवेस मोसमभर चांगला खेळला म्हणून शेफिल्ड बुडालं, एवढ्याने भागलं नसतं. ठिणगी पडली शेवटच्या १५ दिवसांत. दंडानंतर वेस्ट हॅमने लीगला कळवलं की बाहेरच्या कंपन्यांशी असलेला करार आम्ही रद्द केला. लवादाला आढळलं की त्याच सुमारास जोराबचियान यांच्या बाजूला वेगळी तोंडी आश्वासनं दिली जात होती. लीगला हे कळलं असतं तर तेवेसची नोंदणी थांबली असती. तो खेळत राहिला. २८ एप्रिलला विगनविरुद्ध ३-०, ५ मेला बोल्टनविरुद्ध ३-१ आणि त्यात तेवेसचे २ गोल, मग ओल्ड ट्रॅफर्डवरचा १-०. तीन सामने, ९ गुण. तेवेस नसता तर यातले किमान ३ गुण आले नसते का, एवढा अरुंद प्रश्न उरला. सप्टेंबर २००८ला लवादाने उत्तर दिलं: आले नसते. वेस्ट हॅमने स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवाद न्यायालयाची वाट धरली, पण ‘के’ नियमाने तो मार्ग बंद आहे असं सांगून लंडनच्या उच्च न्यायालयाने त्यांना अडवलं. मार्च २००९मध्ये तडजोड झाली. आकडा साधारण २ कोटी पौंड, टप्प्याटप्प्याने, अशा बातम्या आल्या. माझ्या मते हा निकाल योग्य होता, आणि तो या अरुंद वाटेमुळेच योग्य होता.

दुसरा प्रकार हुकलेल्या शक्यतांचा. २०१८-१९च्या चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालच्या लीगमध्ये, डर्बी ७४ गुणांवर सहावं आलं आणि बढतीची शेवटची जागा ठरवणाऱ्या चार संघांच्या प्लेऑफला गेलं. मिडल्सब्रो ७३ गुणांवर सातवं राहिलं. मिडल्सब्रोचा आरोप होता की डर्बीने खर्चाची मर्यादा चुकवली. मर्यादा होती ३ वर्षांत ३ कोटी ९० लाख पौंड तोट्याची. डर्बीने आपलं स्टेडियम मालकाच्याच कंपनीला ८ कोटी पौंडांच्या आसपास विकलं. खेळाडूंच्या किमतीचा खर्चही वेगळ्या तऱ्हेने मांडला. साधारण रीत अशी की ८० लाखांचा खेळाडू ४ वर्षांसाठी घेतला तर दरवर्षी २० लाख खर्ची टाकायचे. डर्बीने कराराच्या शेवटीही खेळाडूची मोठी किंमत शिल्लक धरली, म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत तोटा कमी दिसला. स्टेडियमची विक्री आयोगाने चालवून घेतली. खेळाडूंचा हिशोब अपिलात चुकला असं ठरलं.

पण मिडल्सब्रोचं नुकसान किती? सहावं आलं असतं तर प्लेऑफचं फक्त दार उघडलं असतं. स्वतः डर्बीही अंतिम सामन्यात ॲस्टन व्हिलाकडून २-१ हरलं. इथे कामी येतो तो १९११चा चॅप्लिन विरुद्ध हिक्स हा खटला. एका नाट्यव्यवस्थापकाने सौंदर्यस्पर्धा घेतली. उरलेल्या ५० मुलींतून १२ जणींना नोकरी मिळणार होती. एकीला मुलाखतीची सूचना वेळेवर पोचली नाही. ती निवडली गेलीच असती असं कुणी सिद्ध करू शकत नव्हतं, पण तिची संधी हिरावली गेली होती, आणि त्या संधीचे १०० पौंड तिला मिळाले. प्लेऑफचे चारही संघ समान धरले तर संधी चारात एक. बढतीची सगळी कमाई मागता येत नाही, तिचा तेवढा हिस्सा मागता येतो.

मग वायकॉम्ब पुढे आलं. २०२०-२१ला डर्बी ४४ गुणांवर वाचलं आणि वायकॉम्ब ४३ वर बुडालं. डर्बीचे गुण त्याच मोसमात कापले असते तर आम्ही राहिलो असतो, हे त्यांचं म्हणणं. त्या मोसमाच्या शेवटच्या दिवशी वायकॉम्बने मिडल्सब्रोलाच ३-० हरवलं होतं. तेव्हा एका दावेदाराने दुसऱ्या दावेदाराला गुण दिल्याबद्दल भरपाई द्यावी का, हा विनोद साखळीतच दडलेला होता.

इथे मात्र हसू ओसरलं. सप्टेंबर २०२१ला डर्बीवर प्रशासक नेमले गेले, आणि दिवाळखोरी व चुकवलेली खर्चमर्यादा या दोन्ही कारणांनी मिळून २१ गुण कापले गेले. फुटबॉलमध्ये नियम असा की दिवाळखोरीतून बाहेर येताना इतर क्लबांची देणी पूर्ण फेडावी लागतात. हे दावे त्यात धरले जाणार का, हे ठरेना, म्हणून घेणारे गिऱ्हाईक पुढे येईनात. १८८४चा क्लब न ठरलेल्या रकमेसाठी बंद पडायच्या बेतात आला. फेब्रुवारी २०२२ला जुन्या मालकाने मिडल्सब्रोचा वाद स्वतःच्या अंगावर घेऊन मिटवला. दोषी मालक आणि बिचारे चाहते यांत फरक करायला नियमावलीत जागाच नव्हती, हा मला यातला सर्वांत मोठा दोष वाटतो.

आपल्याकडे गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सने हेच भोगलं. २०२४-२५च्या आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या दुसऱ्या पायरीच्या लीगमध्ये, २२ सामन्यांनंतर चर्चिल ४० गुणांवर, इंटर काशी ३९ वर. जानेवारी २०२५ला नामधारी एफसीने इंटर काशीला २-० हरवलं होतं, पण चार पिवळ्या कार्डांमुळे बाद असायला हवा होता असा खेळाडू उतरवून. शिस्तपालन समितीने सामना इंटर काशीला दिला, अपील समितीने तो निर्णय उलटवला, आणि एप्रिलमध्ये चर्चिलला विजेता घोषित केलं. दुसऱ्या बाजूला इंटर काशीने स्पॅनिश फॉरवर्ड मारिओ बार्कोला मोसमाच्या मध्यात पुन्हा नोंदवलं, त्यावर इतर क्लबांच्या तक्रारी होत्या. आम्ही मैदानात जिंकलो, तुम्ही स्वित्झर्लंडमध्ये जिंका, हा टोमणा अशा वेळी अपरिहार्य असतो. पण चर्चिलची बाजू न्यायाची असली तरी नियमाची नव्हती: कार्डं मोजायची जबाबदारी नामधारीची होती, आणि चुकीचे ३ गुण ज्याच्या खात्यातून गेले ते मागायला तोच जाणार. १८ जुलै २०२५ला लोझानहून निकाल आला. इंटर काशी ४२, चर्चिल ४०, आणि वरच्या लीगमधली जागा इंटर काशीला.