शूर्पारक : परशुरामाची भूमी आणि तेरचे कापड

नमस्कार मंडळी. सोलापूर समुद्रापासून दूर, देशावर वसलेले आहे. तरीही आजचा विषय एक बंदर आहे, कारण प्राचीन काळी पश्चिम किनाऱ्यावरून परदेशी जाणाऱ्या मालात आपल्या शेजारच्या विणकरांचे कापडही होते. हे बंदर म्हणजे शूर्पारक, मुंबईच्या उत्तरेस वसईजवळ असलेले आजचे नालासोपारा.

महाभारताच्या शांतिपर्वात त्याच्या जन्माची कथा आहे. क्षत्रियांचा संहार करून जिंकलेली पृथ्वी परशुरामाने कश्यपाला दान दिली. मग दान दिलेल्या भूमीवर राहू नकोस, दक्षिण समुद्राच्या तीरी जा, असे कश्यपाने त्याला सांगितले आणि तेथे समुद्राने त्याच्यासाठी जी जागा करून दिली, ती शूर्पारक. वनपर्वात तीर्थयात्रेला निघालेले पांडवही येथे येऊन जातात.

बौद्धांची कथा निराळी आहे आणि मला ती अधिक भावते, कारण तिचा नायक व्यापारी आहे. दिव्यावदान या संस्कृत बौद्ध कथासंग्रहातील पूर्ण नावाचा माणूस हा शूर्पारकचा सागरी व्यापारी. जहाजावर श्रावस्तीच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून बुद्धवचने त्याच्या कानी पडतात, ही गाणी कोणती असे तो विचारतो आणि त्या ओढीने पुढे भिक्षू होतो. पुढे त्याचा भाऊ समुद्रापार गोशीर्ष नावाचे मौल्यवान चंदन तोडत असता रागावलेला यक्ष वादळ उठवतो. पूर्ण धावून येतो, आणि वाचलेल्या त्या चंदनातून शूर्पारकात बुद्धासाठी प्रासाद उभा राहतो.

दोन परंपरांनी एकाच गावावर आपापला हक्क सांगावा, यावरून ते गाव आधीच किती नावाजलेले असेल, याचा अंदाज येतो, असे माझे मत आहे. जमिनीतील पुरावाही तसाच आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखले जाणारे टेकाड खणले, तेव्हा आत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या मध्यभागी दगडी करंडा होता; त्यात एकात एक बसवलेल्या डब्या, सर्वांत आत सोन्याची, आणि तिच्यात मातीच्या भांड्याचे तुकडे होते, जे बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानून जपले गेले असावेत. भोवती आठ धातुमूर्ती मांडलेल्या होत्या. सोबतचे चांदीचे नाणे सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचे, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे आहे. मूर्ती मात्र कित्येक शतकांनंतरच्या आहेत. म्हणजे हा स्तूप पुढच्या काळातही पुन्हा उघडला गेला असावा.

त्याच वर्षी येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पूर्वीचे राजे शिकारीसाठी विहारयात्रा करीत, आपण धर्मयात्रा सुरू केली, असे अशोक त्या लेखात सांगतो. १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचाही तुकडा सापडला.

बंदराची नाळ घाटमाथ्याशी जुळलेली होती. जुन्नरजवळच्या नाणेघाटात खडकात खोदलेले पाण्याचे एक टाके आहे आणि ते सोपाऱ्याच्या गोविंददासाने दान दिल्याचे त्यावर कोरलेले आहे. ओझी लादलेल्या जनावरांसह तो घाट चढणाऱ्याला पाण्याची केवढी गरज असते, हे ज्याने पाहिले असेल, त्यालाच असे दान सुचेल.

आता आपल्या भागाकडे येऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात गुजरातमधील भडोचनंतरच्या बाजारपेठांत सोपारा व कल्याण यांची नावे आहेत. त्याच ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ हे फार मोठे नगर असल्याचे म्हटले आहे. तेथून जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून अवघड वाटांनी भडोचच्या बंदरात जाई. हे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील, संत गोरोबाकाकांचे तेर. तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळातील मृण्मूर्ती, मणी आणि हस्तिदंती वस्तू आहेत. चादरींच्या गावात राहणाऱ्या प्रत्येकाने त्या एकदा तरी पाहाव्यात, आणि मुंबईला जाणे झाले तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अशोकाच्या लेखाचा सोपाऱ्याचा तुकडाही आवर्जून पाहावा.