डच शब्दांकडे मराठीच्या दारातून

श्रोतेहो, नमस्कार.

नेदरलँड्समधल्या आइंडहोवन, अ‍ॅमस्टेलवेन, हेग या गावांत आज मराठी घरं बरीच आहेत. तिथे गेलेली किंवा जायच्या तयारीत असलेली मंडळी डच शिकायला बसतात, तेव्हा बहुतेकांची वही सारखीच असते. डावीकडे डच शब्द आणि उजवीकडे त्याचा इंग्रजी अर्थ. आज आपण सुरुवातीच्या पाचशे शब्दांबद्दल बोलणार आहोत, आणि माझा आग्रह एवढाच आहे की उजवीकडे मराठी लिहा.

इंग्रजी आणि डच या बहिणी-बहिणीच. पाण्याला 'वातर', दुधाला 'मेल्क', पुस्तकाला 'बूक', हाताला 'हान्त'. हे शब्द पाठ करावेच लागत नाहीत. पण याच ओळखीवर विसंबून माणूस पुढे फसतो. डचमध्ये 'स्लिम' म्हणजे हुशार, 'राम्प' म्हणजे मोठी आपत्ती, 'पेत' म्हणजे टोपी, आणि 'वी' म्हणजे आम्ही नव्हे, तर कोण. इंग्रजीच्या आधाराने अंदाज बांधायची सवय लागली की हे शब्द महिनोन् महिने चुकत राहतात. आणि जिथे मराठी आपल्याला थेट वाट दाखवते, तिथे आपण तिला विचारतच नाही.

आकडेच घ्या. एकवीसला डच माणूस म्हणतो 'एन-अन-त्विन्तख', म्हणजे एक आणि वीस. पंचेचाळीसला 'वेइफ-अन-फेर्तख', म्हणजे पाच आणि चाळीस. इंग्रजीत विचार करणारा इथे हटकून अडखळतो. 45 ऐवजी 54 लिहून बसतो, आणि दुकानात किंवा फोन नंबर घेताना गोंधळ होतो. आपल्या पंचेचाळीसात मात्र पाच आधीच बसलेला आहे. म्हणून डच आकडा ऐकला की मनात मराठी आकडा म्हणा. ज्यांची शाळा इंग्रजीत झाली आणि मराठी आकडे पुसट झाले, त्यांनी आधी एक ते शंभर मराठीत घोकावेत. डच आकड्यांसाठी याहून चांगली तयारी मला माहीत नाही. एवढंच सांभाळा की एकोणतीस, एकोणचाळीस हे आपले 'एक कमी'वाले आकडे डचमध्ये नाहीत. तिथे 29 म्हणजे नऊ आणि वीस. नव्व्याण्णव मात्र दोन्हीकडे नऊ आणि नव्वदच.

घड्याळाची गंमत याहून मोठी. दुपारचे अडीच वाजले की डच माणूस म्हणतो 'हाल्फ द्री', शब्दशः अर्धा तीन. ब्रिटिश इंग्रजीच्या सवयीने ऐकणारा साडेतीन समजतो आणि तासभर उशिरा पोचतो. पण आपला 'अडीच' आला कुठून? संस्कृत 'अर्धतृतीय' पासून. दोन पुरे झाले, तिसरा अर्धा. डच माणूस अगदी हेच म्हणतोय. तेव्हा 'हाल्फ द्री' समोर वहीत 'अडीच' लिहा. साडेतीनला मात्र सांभाळा, कारण तिथे आपण तीनच्या पुढे मोजतो आणि ते चारकडे बघतात. साडेतीन म्हणजे 'हाल्फ फीर', अर्धा चार. सव्वातीन म्हणजे 'क्वार्त ओवर द्री', पावणेतीन म्हणजे 'क्वार्त फोर द्री'. दीडसाठीही एकच स्वतंत्र शब्द आहे, 'आन्दरहाल्फ'. अर्ध्याचा धाक इतका की दोन वीससुद्धा 'तीन फोर हाल्फ द्री' होतात, म्हणजे अडीचला दहा कमी. इथल्या 'तीन'चा अर्थ दहा, आणि 'द्री' म्हणजे आपले तीन. हे दोन शब्द एकाच दिवशी पाठ करू नका.

आता लिंगाकडे वळू, कारण सुरुवातीला घेतलेली वाईट सवय पुढे सर्वांत जास्त इथे छळते. डच नामापुढे इंग्रजी 'the'सारखं 'द' किंवा 'हेत' लागतं. 'हेत' हे नपुंसकलिंगाचं, 'द' बाकीच्यांचं. दोनतृतीयांशाहून जास्त नामांना 'द' लागतं, म्हणून लोक सरसकट 'द' लावून मोकळे होतात; आणि चुकतात ते नेमके रोजच्या शब्दांत. घर, मूल, पुस्तक, पाणी हे चारही 'हेत'वाले आहेत. ते घर, ते मूल, ते पुस्तक, ते पाणी. इथे मराठी जुळली. पण दार मराठीत नपुंसक आणि डचमध्ये 'द'. घोडा आपल्याकडे पुल्लिंगी, तिकडे 'हेत'. म्हणजे मराठीवरून लिंगाचा अंदाज बांधायचा नाही. मराठीकडून घ्यायची ती लिंगाची जाणीव. 'मोठा खुर्ची' कानाला खुपतं ना, तसंच डचमध्ये खुपलं पाहिजे.

त्यासाठी शब्द विशेषणासकट पाठ करा. 'एक' या अर्थाचं 'अन' दोन्ही लिंगांना सारखंच असतं, त्यामुळे त्यावरून काहीच कळत नाही. लिंग उघडं पडतं ते विशेषणात. लहान घर म्हणजे 'अन क्लेइन हाउस', लहान खुर्ची म्हणजे 'अन क्लेइनं स्तूल'. खुर्ची 'द'वाली, म्हणून विशेषणाला शेवटी 'अं' लागला. घराला लागला नाही. मराठीच्या हे बरोब्बर उलट आहे. आपण 'मोठं घर' म्हणताना नपुंसकालाच 'अं' लावतो. ही उलटापालट पहिल्या आठवड्यात जिभेवर बसली पाहिजे. आणि हो, 'स्तूल' म्हणजे पाठ टेकायची खुर्ची, आपलं स्टूल नव्हे. स्टुलाला 'क्रुक' म्हणतात.

काही शेवट ओळखीचे करून घ्या. '-इंग' आणि '-हेइत' ने संपणारी नामं 'द'ची. लघुत्वदर्शक '-य' लागला की शब्द कुठलाही असो, तो 'हेत'चा होतो. आणि अनेकवचनात सगळ्यांना 'द'.

अनेकवचनाच्या '-अं' मध्ये तर आपलं घरच आहे. डच लिहितात 'ई-एन', पण देशाच्या बऱ्याच भागांत शेवटचा 'न' बोलत नाहीत. उरतो तो स्वर आपल्या बोलण्यातल्या 'घरं', 'झाडं' यांच्या शेवटी येतो, तोच. 'बूक'चं 'बूकं', 'स्तूल'चं 'स्तूलं'. क्रियापदाचं मूळ रूपही असंच संपतं: 'वेर्कं' काम करणे, 'लोपं' चालणे. जो छापलेल्या 'न' ची वाट बघतो, त्याला चालू बोलण्यातला शब्द ओळखता येत नाही.

उच्चाराचं आणखी एक दान मराठीने दिलं आहे. डच 'त' आणि 'द' दातांजवळचे आहेत, 'प', 'त', 'क' मध्ये हवेचा झोत नाही. तेव्हा टेबलाला इंग्रजीच्या सवयीने 'टाफल' म्हणू नका, 'ताफल' म्हणा. 'जी' या अक्षराचा उच्चार घसा खाकरल्यासारखा 'ख'. आइंडहोवनच्या बाजूला, म्हणजे ब्राबांत आणि लिम्बुर्ख प्रांतांत, तो मऊ होतो. शब्दाच्या शेवटी 'डी' लिहिलेला असला तरी 'त' बोलायचा. ऱ्हस्व-दीर्घाकडे मात्र नीट कान द्या. 'मन' म्हणजे पुरुष किंवा नवरा, 'मान' म्हणजे चंद्र. 'राम' म्हणजे खिडकी, आणि तोच स्वर आखूड केला तर मेंढा. लिहिताना दीर्घ 'आ'साठी रोमन लिपीतले दोन 'ए' (a) असतात, पण अनेकवचनात त्यातला एक गळतो. नवशिका 'मानं' हा शब्द एका 'ए'ने छापलेला बघतो, कोशात 'मन'पाशी शोधतो आणि चंद्रांऐवजी नवरे सापडतात.

सर्वांत अवघड स्वर 'यू-आय' या जोडीचा. वर मी घराला 'हाउस' म्हटलं ते नाइलाजाने, कारण मराठीत हा स्वर नाही. तोंड मराठी 'ए' म्हणताना उघडतं तेवढं उघडा, ओठांचा मात्र चंबू करा, आणि चंबू न सोडता 'ई'कडे सरका. कातडी आणि लाकूड हे दोन डच शब्द मराठी कानाला 'हाउत' असेच ऐकू येतात. दक्षिण आणि मीठ यांचंही तसंच. फरक फक्त या स्वराचा. सरावासाठी लांब जायला नको. कांद्याला डचमध्ये शब्दच हा आहे, नुसता स्वर, मागेपुढे एकही व्यंजन नाही. अंड्यालाही नुसता स्वर, 'एइ'. भाजीवाल्याकडे कांदे मागताना अंडी मिळाली नाहीत, तर स्वर जमला असं समजा.

शब्दांची पहिली यादी अशाच जागांवरून काढा. दुकानात दुधाशेजारी 'कार्नंमेल्क' असतं. नवा माणूस शेवटचं 'मेल्क' वाचून उचलतो, चहात घालतो आणि चहा फाटतो. 'कार्नं' म्हणजे घुसळणे. ते आहे ताक. पिठाच्या फळीवर 'ब्लूम' म्हणजे मैदा, आणि फूलसुद्धा. पोळ्यांसाठी हवं ते 'फोल्कोरंमेल', गव्हाचं सबंध पीठ. पिशवीवर 'झेल्फरेइझंत', म्हणजे आपोआप फुगणारं, असं लिहिलं असेल तर ठेवून द्या. त्यात फुगवणारी पूड आधीच मिसळलेली असते, पोळी नीट होत नाही. हळद 'कुर्कुमा', जिरं 'कोमेइन'.

आगगाडीत 'इनस्तापं' चढणे, 'आउतस्तापं' उतरणे, 'ओवरस्तापं' गाडी बदलणे. मूळ शब्द एक, 'स्तापं', पाऊल टाकणे. पण ही क्रियापदं वाक्यात फुटतात. 'ओपस्तान' म्हणजे उठणे. मी सातला उठतो हे 'इक स्ता ओम झेवं ऊर ओप'. 'ओप' थेट शेवटी. वाक्य संपेपर्यंत अर्थ लावायचा नाही. मराठी माणसाला क्रियापदासाठी शेवटपर्यंत थांबायची सवय आहेच, ती इथे कामाला येते.

लांबलचक शब्दांना घाबरू नका, ते सामासिक आहेत. 'झीकंहाउस' आजाऱ्यांचं घर, रुग्णालय. 'तान्तआर्त्स' दातांचा डॉक्टर. 'आर्तआपल' जमिनीतलं सफरचंद, बटाटा. विग्रह मागून पुढे करा आणि लिंग शेवटच्या पदाचं घ्या. घर 'हेत', म्हणून रुग्णालय 'हेत'.

आता रोजची मेहनत. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचे कागदी पत्ते घ्या. एका बाजूला मराठी अर्थ आणि एक छोटं मराठी वाक्य. दुसऱ्या बाजूला डच शब्द, 'द' किंवा 'हेत' सकट, आणि अनेकवचन. क्रियापद असेल तर मूळ रूप आणि 'केलेलं, गेलेलं' असं भूतकाळाचं रूप, सोबत 'हेप' (माझ्याकडे आहे) की 'बेन' (मी आहे) तेही, कारण बोलण्यातला भूतकाळ बहुधा याच दोघांपैकी एकाला धरून येतो. रोज नवे शब्द दहा. उजळणी त्याच रात्री, मग दुसऱ्या, चौथ्या, आठव्या, सोळाव्या आणि तिसाव्या दिवशी. हिशेब करून बघा: महिन्यानंतर दहा शब्दांच्या सहा उजळण्या, म्हणजे रोज साठ पत्ते. एकाला पंधरा सेकंद धरले तर पंधरा मिनिटं. उत्साहात रोज तीस शब्द घेतले, तर तेच पाऊण तासावर जातं, आणि बहुतेकांची वही तिथेच बंद पडते. चुकलेला पत्ता पुन्हा पहिल्या दिवसावर येतो, त्याला सवलत नाही. मराठी बाजू वर ठेवायची आणि डच शब्द मोठ्याने म्हणायचा. डच बघून मराठी ओळखणं सोपं असतं, पण दुकानात ते उपयोगी पडत नाही.

एका दिवसात एकाच जातीचे दहा शब्द घेऊ नका. डावं-उजवं, गरम-थंड, सगळे रंग एकत्र शिकले की ते एकमेकांत अडकतात. डावं आज घ्या, पक्कं होऊ द्या, उजवं पुढच्या आठवड्यात. जिथे डचमध्ये दोन शब्द आणि इंग्रजीत एक, तिथे मराठीत बघा. 'वेतं' माहीत असणे, 'केनं' ओळखणे. 'येइ' म्हणजे तू, 'ऊ' म्हणजे आपण. उलटही होतं. 'लेरं' शिकणेही आणि शिकवणेही.

कानासाठी मुलांच्या बातम्या ऐका. 'येख्तजर्नाल' हा डच सार्वजनिक वाहिनीचा कार्यक्रम 1981 पासून चालू आहे, आणि त्यातली वाक्यं छोटी, स्पष्ट असतात.

आणि पहिल्या महिन्यातच शिका ते चिमुकले शब्द, जे बऱ्याच कोशांत नीट सापडत नाहीत. 'एवं' म्हणजे आपलं 'जरा': 'वाख्त एवं', जरा थांबा. 'तोख' म्हणजे वाक्याच्या शेवटचं 'ना'. 'मार' म्हणजे 'की': 'कोम मार बिनं', या की आत. इंग्रजीत यांना धड प्रतिशब्द नाहीत, मराठीत घरोघरी आहेत. तुमचं डच अडखळलं की समोरचा माणूस सौजन्याने इंग्रजीवर येईल. तेव्हा म्हणा, 'इक लेर नेदर्लान्त्स. वील्त ऊ एवं नेदर्लान्त्स मेत मेइ प्रातं?' मी डच शिकतोय, जरा माझ्याशी डचमध्ये बोलाल? बहुतेक वेळा उत्तर येतं, 'या होर.' म्हणजे, 'हो हं.'

नमस्कार.