खाल्लेलं अंगी लागावं म्हणून

(दृश्य: पहाटेची तालीम. लाल मातीत जोर मारणारी पोरं. कट्ट्यावर थंडाईसाठी बदाम वाटले जाताहेत.)

कोल्हापूरच्या तालमीत खुराक म्हटलं की दूध, तूप आणि बदामाची थंडाई ठरलेलीच. ज्याला परवडेल त्याला मटण. खासबागचं मैदान १९१२ मध्ये उभं राहिलं, त्याच्याही आधीपासून पैलवानाचं अंग म्हणजे दुधातुपावर पोसलेलं अंग, हे महाराष्ट्राच्या मनात पक्कं बसलंय.

आता याच महाराष्ट्रात काही तरुण मटणच नव्हे, तर दूध-दही-तूप, अंडी, मध, सगळं बाजूला ठेवताहेत, म्हणजे व्हीगन होताहेत. अनेकांचं कारण एकच: जनावरांना त्रास देऊन आपलं पोट भरायचं नाही. पोरगा मुळातच हडकुळा असेल, तर घरात पहिला प्रश्न आई विचारते, "दूधसुद्धा सोडलंस? मग अंगात राहणार काय?"

तिची काळजी रास्त आहे. तिला भाषण नको, पानात काय वाढायचं ते नीट सांगायला हवं.

(दृश्य: परात, ज्वारीचं पीठ, चुलीवर टम्म फुगलेली भाकरी.)

स्नायू प्रथिनांचे बनतात. पण दुधातलं प्रथिन असो की मटकीतलं, पचनात त्याचे तुकडे होऊन अमिनो आम्लंच उरतात. त्यांतली नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांत या नऊंपैकी लायसिन कमी पडतं. डाळी-कडधान्यांत ते भरपूर असतं, पण त्यांत मेथिओनिन कमी, आणि ते धान्यातून मिळतं. आमटी-भाकरी, वरण-भात, मुगाची खिचडी या जोड्यांनी हे गणित कधीच सोडवलंय. दोन्ही एकाच घासात हवं असंही नाही. दिवसभरात पोटात गेलं म्हणजे झालं.

मग वनस्पतींवर ताकद येते का? जर्मनीतला ताकदपटू पॅट्रिक बाबूमियान याने २००५ मध्ये मांस सोडलं, २०११ मध्ये दूध-अंडीही सोडली आणि २०१३ मध्ये टोरोंटोत साडेपाचशे किलोचं जू खांद्यावर घेऊन तो दहा मीटर चालला. अमेरिकेचा वेटलिफ्टर केंड्रिक फॅरिस २०१४ मध्ये व्हीगन झाला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पुरुष वेटलिफ्टरांपैकी तो एकटाच पोहोचला होता.

ही माणसं मुळात असामान्य आहेत. मला जास्त मोलाचा वाटतो तो साध्या तरुणांवर झालेला प्रयोग. ब्राझीलमधल्या साओ पाउलोत १९ व्हीगन आणि १९ मिश्राहारी तरुण घेतले. १२ आठवडे दोन्ही गटांकडून पायांचा वजनी व्यायाम करून घेतला. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.६ ग्रॅम प्रथिनं मिळतील, अशी व्यवस्था केली. कमी पडेल ते व्हीगन गटाला सोयामधून आणि दुसऱ्या गटाला व्हे या दुधातल्या प्रथिनातून दिलं. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्नायूंची वाढ आणि ताकद, दोन्हींत गटागटांत फरक आढळला नाही.

(दृश्य: जेवणाचं ताट. भाकरी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर.)

हडकुळ्या व्हीगन पोराची खरी अडचण निराळी आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. त्याचं पोट लवकर भरतं. दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ, कोशिंबीर. ताट उत्तम आहे, पण त्यातल्या चोथ्यामुळे पोट गच्च होतं आणि कॅलरी मिळतात जेमतेम साडेसहाशे. वजन वाढवायचं तर रोजच्या गरजेपेक्षा साधारण तीनशे ते पाचशे कॅलरी जास्त जायला हव्यात. त्या नाही गेल्या, तर प्रथिनं मोजून खाल्ली तरी शरीर त्यातली बरीचशी इंधन म्हणून जाळतं. "कितीही खातो, पण अंगी लागत नाही," असं म्हणणाऱ्या पोराने चार दिवस खाल्लेलं सगळं लिहून काढावं. पुष्कळदा ते 'कितीही' फारच थोडं निघतं.

यावरचा उपाय आपल्या फडताळात आहे. दाण्याचा कूट! १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ५६० कॅलरी आणि २५ ग्रॅम प्रथिनं असतात, आणि जागा किती कमी लागते! भाजीत कूट, चटणीत कूट, भगरीबरोबर दाण्याची आमटी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू. तीळ, कारळे, जवस यांच्या कोरड्या चटण्या तेल घालून भाकरीला लावल्या, की तेवढ्याच भाकरीतून जास्त कॅलरी मिळतात. कोकण-गोव्याकडे ओलं खोबरं आणि नारळाचा रस आहेच. वाटीभर सोलकढी पिताना आपण काही 'वेगळं' घेतोय असं कुणाच्या मनातही येत नाही. आणि चावून कंटाळा आला तर प्यावं: केळं, भिजवलेले शेंगदाणे, खजूर आणि सोयाचं दूध मिक्सरमधून काढलं, की चारशे-पाचशे कॅलरींचा पेला तयार.

(दृश्य: लातूरचा आडत बाजार. सोयाबीनच्या राशी, काटा, हमाल.)

इथे जरा थांबूया. महाराष्ट्र हे देशातल्या सोयाबीन पिकवणाऱ्या सर्वांत मोठ्या राज्यांपैकी एक. मराठवाडा-विदर्भाच्या शिवारात खरिपात जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन. या दाण्यात वजनाच्या जवळजवळ ३६ टक्के प्रथिनं आहेत, आणि नऊही अमिनो आम्लं पुरेशी. पण बाजारातून तो गिरणीत जातो, तेल निघतं, आणि प्रथिनांनी गच्च भरलेली पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. पिकवणाऱ्याच्या ताटात त्यातलं फार थोडं येतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. ज्या मातीत प्रथिनांचं एवढं भांडार पिकतं, तिथली पोरं अंग भरत नाही म्हणून वजन वाढवणाऱ्या पावडरचे हजारो रुपयांचे डबे आणतात. त्या 'गेनर'च्या डब्यांत बहुतेक वेळा दुधाची भुकटी आणि साखरेसारखंच पिष्ट असतं.

सोयाचे वडे, ज्यांना दुकानात सोया चंक्स म्हणतात, ते तेल काढल्यावर उरलेल्या पिठाचेच होतात. १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत ५० ग्रॅमच्या वर प्रथिनं. गरम पाण्यात भिजवून, पिळून, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शिजवले की मटणाचा रस्सा चाखलेल्या जिभेलाही आवडतात. अख्खं सोयाबीन मात्र रात्रभर भिजवून कुकरला पूर्ण शिजवायचं. कच्च्यात प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, म्हणून कच्चं पीठ पाण्यात घोळून पिणं चुकीचं. आणि सोयाने पुरुषत्व कमी होतं, ही भीती सोडा. पुरुषांवरच्या कितीतरी चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घटल्याचं त्यांत दिसलेलं नाही.

(दृश्य: स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोजून ठेवलेलं दिवसभराचं कोरडं साहित्य.)

धरा, पोराचं वजन ५५ किलो आहे. १.६ ने गुणलं की रोजची ८८ ग्रॅम प्रथिनं. ५० ग्रॅम सोयावड्यांतून २६. १०० ग्रॅम कोरडी डाळ-कडधान्यं, म्हणजे दुपारची आमटी आणि रात्रीची उसळ, यांतून २२. चार भाकऱ्यांच्या पिठातून २४. ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून १२. तीळ-जवसाच्या चटणीतून चार-पाच. झाली की भरती! त्यावर भात, दोन केळी, गूळ आणि फोडणीचं तेल धरून कॅलरी अडीच हजारांच्या पुढे जातात. यात परदेशातून आणावं लागतं असं काही नाही. फक्त हे एका जेवणात ढकलू नका, चार-पाच वेळा विभागा. कडधान्यांची सवय नसेल तर हळूहळू वाढवा, नाहीतर पोट फुगेल. भिजवून मोड आणले की पचायलाही हलकी आणि त्यांतलं लोहही जास्त शोषलं जातं. वर लिंबू पिळा, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. चहा लोह अडवतो.

(दृश्य: रक्त तपासणीची प्रयोगशाळा.)

आता एक गोष्ट, जिथे मी अजिबात सूट देणार नाही. बी-१२ जीवनसत्त्व. भरवसा ठेवावा असा त्याचा स्रोत कुठल्याही धान्यात, भाजीत, कडधान्यात नाही. स्पिरुलिना या शैवालाच्या भुकटीत दिसतं ते माणसाच्या उपयोगाचं नसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने गाव, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग यांतले ४४१ पुरुष तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी निघालं. तेव्हा जो दूधही सोडतो, त्याने गोळी घ्यायलाच हवी. व्हीगन आहारात फोलेट हे दुसरं बी जीवनसत्त्व भरपूर असतं, त्यामुळे बी-१२ च्या कमतरतेचा रक्तक्षय झाकला जाऊ शकतो आणि आतल्या आत मज्जातंतूंना इजा होत राहते. हातापायांना मुंग्या येईपर्यंत वाट पाहू नका. आधी रक्त तपासा, मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. त्याच वेळी ड जीवनसत्त्वही पाहा. ते व्हीगन हवं असेल तर दगडफुलाच्या जातीच्या लायकेनपासून केलेलं डी-३ मिळतं, नेहमीचं मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून होतं. मीठ आयोडीनयुक्त असू द्या.

क्रिएटिन, म्हणजे स्नायूंना झटकन ऊर्जा पुरवणारा घटक, मुख्यतः मांस-मासळीत असतं, म्हणून व्हीगन माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा कमी असतो. कारखान्यात बनणारं क्रिएटिन प्राणिजन्य नसतं. निरोगी माणसाला रोज तीन ते पाच ग्रॅम पुरतं, पण मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नये.

(दृश्य: पुन्हा तालीम, बैठका. मग गल्लीतली जिम.)

नुसतं खाल्लं तर पोट सुटेल. जोर, बैठका, वजनं, काहीही चालेल, पण प्रत्येक स्नायूला आठवड्यातून दोनदा काम मिळावं आणि भार हळूहळू वाढत जावा. झोप सात-आठ तास. एवढंच.

वजन आपोआप घटत असेल, दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल, संध्याकाळी कणकण येत असेल, फार तहान लागत असेल, तर मात्र आधी खुराक नाही, आधी दवाखाना. क्षयरोग, थायरॉइड, मधुमेह यांत खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि त्यावर लाडू हा उपाय नव्हे.

बाकीच्यांनी आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, एकाच काट्यावर वजन घ्यावं. ५५ किलोच्या माणसाचं आठवड्याला दीडशे ते अडीचशे ग्रॅम वाढलं तर ठीक चाललंय. त्याहून वेगाने वाढलं तर चरबी जास्त चढते. आणि दोन आठवडे काटा जागचा हलला नाही, तर रोजच्या खाण्यात आणखी एक मूठ शेंगदाणे घालावेत.