संडासाच्या दारावरचा ॲशट्रे

(व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'विमानातील आग आणि सक्तीच्या सुरक्षा तपासण्या' असा छापलाय. ते नाव संयोजकांचं. मी कळवलं होतं, 'संडासाच्या दारावरचा ॲशट्रे'. त्यावर फोनवर जरा वेळ कुणी काही बोललं नाही. मग उत्तर आलं, "सर, समोर महिला मंडळही असतं हो." (हशा) महिला मंडळच सगळ्यांत जास्त हसतंय, म्हणजे हरकत नव्हती.

मी आयुष्यभर विमानांच्या देखभालीत काढलं. आमच्या धंद्यात एएमई म्हणतात, म्हणजे ज्याच्या सहीशिवाय विमान हलत नाही तो इसम. आमच्या सासरेबुवांनी लग्नाच्या वेळी सगळ्या गोतावळ्यात सांगून ठेवलं होतं, जावई विमानाची इंजिनं बघतात. पुढे कधीतरी कंपनीत कुटुंबीयांना हँगर, म्हणजे विमानं दुरुस्तीला ठेवतात ती शेड, दाखवण्याचा दिवस होता. सासरेबुवा हौसेनं शर्टपँटवर टाय लावून आले आणि मी त्यांना सापडलो कुठे, तर विमानाच्या संडासात, गुडघ्यांवर बसलेला, कचऱ्याच्या डब्याचं झाकण बोटानं ढकलून पुन्हापुन्हा सोडून देत असलेला. परतताना गाडीत बोलले नाहीत. घरी आल्यावर सासूबाईंना एवढंच म्हणाले, "तिथे सगळंच करावं लागतं म्हणे."

आता तुम्हाला विचारतो. विमानानं गेलेत त्यांनी हात वर करा. वा, जवळजवळ सगळे. संडासाच्या दारावर छोटा ॲशट्रे किती जणांनी पाहिलाय? आता बरेच हात खाली आले. तो असतो. विमान मागच्या महिन्यात कारखान्यातून आलेलं असू दे, आत पावलोपावली धूम्रपान निषिद्ध लिहिलेलं असू दे, तरी असतो. अमेरिकन नियमाची भाषा सरळ आहे: विमानात इतरत्र धूम्रपानाला परवानगी असो वा नसो, संडासाच्या दारावर किंवा दाराजवळ, सहज दिसेल असा, काढता येणारा ॲशट्रे असलाच पाहिजे. हरवला तर ठरावीक मुदतीत नवा बसवावा लागतो.

म्हणजे आधी सांगायचं ओढू नका, आणि मग विझवायला जागा करून ठेवायची. आमचा पुतण्या वकील आहे, तो म्हणतो, काका, ही तर गुन्ह्याला मदत झाली. मी त्याला सांगतो, हा मी वाचलेला सर्वांत शहाणा कायदा आहे. कारण कायदा करणाऱ्यानं गृहीत धरलंय की शेकड्यातला एक जण ऐकणार नाही. तो आत जाऊन दोन झुरके मारणार, मग दार वाजलं की घाबरणार आणि जळतं थोटूक हाताशी येईल तिथे टाकणार. हाताशी काय असतं? हात पुसायच्या कागदांनी भरलेला डबा.

हे कुणाला सुचलं नव्हतं, जळाल्यावर कळलं. ११ जुलै १९७३. ब्राझीलच्या व्हारिग कंपनीचं बोईंग ७०७ रिओहून पॅरिसला निघालं होतं, १३४ माणसं घेऊन. ओर्ली विमानतळ अगदी टप्प्यात आला आणि मागच्या संडासातून धूर यायला लागला. आग वॉशबेसिनखालच्या भागात लागली असावी असं पुढे चौकशीत निघालं. वायरिंगमुळे की कुणा प्रवाशाच्या निष्काळजीपणामुळे, हे पक्कं ठरलं नाही. धूर पुढे सरकत कॉकपिटमध्ये शिरला. समोरचे काटे दिसेनात, समोरची काच दिसेना. बाजूच्या खिडक्या उघडून, बाहेर बघत, वैमानिकांनी धावपट्टीच्या सुमारे पाच किलोमीटर अलीकडे कांद्याच्या शेतात विमान उतरवलं. उतरवलं म्हणजे खरोखर उतरवलं, डोंगरावर आपटलं नाही की वस्तीवर पडलं नाही. पण तोवर मागे बसलेल्यांपैकी बहुतेक धुरानंच गेले होते. १२३ मृत्यू. वाचले अकरा, त्यांत दहा कर्मचारी आणि एकच प्रवासी.

थोडं विषयांतर करतो, कारण हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. त्या विमानाचे कॅप्टन होते जिल्बेर्तू आराउजू दा सिल्वा. ते वाचले, पुन्हा उडायला लागले. जानेवारी १९७९ मध्ये तोक्योच्या नारिता विमानतळावरून त्याच कंपनीचं मालवाहू ७०७ घेऊन ते निघाले, सोबत एका नामवंत ब्राझिलियन चित्रकाराची चित्रं होती. प्रशांत महासागरावर विमान नाहीसं झालं. आजतागायत ना तुकडा सापडला, ना चित्र. पंख्याखालच्या काकांनी मघाशी विचारलं होतं, वैमानिकाचं नशीब वगैरे असतं का. मला विचाराल तर माहीत नाही, मी स्प्रिंग तपासणारा माणूस.

तर, व्हारिगच्या आगीनंतर पुढच्याच वर्षी एफएएनं, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकानं, एक एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह काढला. आम्ही एडी म्हणतो. एडी म्हणजे सूचना नव्हे, हुकूम. पाळला नाही तर विमान उडायला नालायक. याचा नंबर ७४-०८-०९. ७४ हे साल, ०८ म्हणजे त्या सालातला आठवा पंधरवडा, ०९ म्हणजे त्यातला नववा हुकूम. लोकांना गाड्यांचे नंबर पाठ असतात, मला हा. त्यात काय आहे? संडासात धूम्रपान करू नये असा फलक. डब्यावर सिगारेट टाकू नये असा फलक. दाराशी ॲशट्रे. आणि माझ्या मते खरा जीव ज्यात आहे ते कलम: कचऱ्याच्या डब्याचं झाकण आणि डबा बाहेर काढायचं दार नीट बसतंय का, घट्ट मिटतंय का, त्याची कडी लागतेय का, हे दर हजार उड्डाणतासांच्या आत तपासायचं. दिवसाला नऊ-दहा तास उडणाऱ्या विमानाच्या हिशेबात साडेतीन महिने झाले. आपल्याकडे परदेशी बनावटीच्या विमानांना त्या देशाचे एडी लागू होतात आणि डीजीसीए, म्हणजे आपलं विमान वाहतूक नियामक खातं, ते पाळले की नाही हे बघते.

झाकणात तपासायचं काय, असं वाटेल. आत ढकलायचं, बोट काढायचं. त्यानं स्वतःहून, खटकन, पूर्ण मागे यायला हवं. निम्म्यावर रेंगाळलं तर स्प्रिंग थकली. मग कडेनं बोट फिरवायचं, सील कुठे फाटलंय का. बॅटरी मारून आत बघायचं, डब्याच्या खोक्याला भोक, चीर, निसटलेला रिव्हेट आहे का. कारण सगळी गंमत हवेत आहे. खोकं बंद असेल तर आत लागलेली आग आपल्याच धुरात गुदमरून मरते. झाकण बोटभर उघडं राहिलं, की तोच डबा शेगडी.

यावरून एक भांडण सांगतो. कंपनीचं नाव सांगणार नाही, त्यांची पेन्शन चालू आहे. (हशा) पहाटेचं विमान, प्रवासी बसलेले, आणि मला मागच्या संडासात झाकण उघडं दिसलं. वरच्या बाजूला कुणीतरी बाळाचा लंगोट कोंबलेला. तो काढला, तरी झाकण अर्ध्यावरच. स्प्रिंगचं टोक तुटलेलं. टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, स्नॅग, म्हणजे बिघाड, लिहिला. तेवढ्यात स्टेशनवरचे एक साहेब धावत आले. "देशपांडे, इंजिन आहे का? ब्रेक आहे का? कचऱ्याच्या डब्यासाठी विमान थांबवता?" मी म्हटलं, संडास बंद करा, दाराला पट्टी लावा, डबा रिकामा करा, नियमात बसेल ते सगळं करून सोडतो, पण ती नोंद बंद करायला लागणारी सही मी माझ्या घड्याळानं करणार, तुमच्या नाही. ते म्हणाले, आता सिगारेट ओढतं कोण विमानात? पहिल्या रांगेतले एक गृहस्थही यात पडले, "अहो, एवढंसं झाकण!" सगळ्या विमानाला कळलं की उशीर संडासामुळे आहे. मग काय, पार मागच्या रांगेपर्यंत सल्ले. एका आजींनी तर पर्समधून रबरबँड काढून दिला. मी तो घेतला, त्यांना बरं वाटावं म्हणून.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की सक्तीच्या तपासणीचा मोठा उपयोग झाकण शोधण्यात नाही. ती निर्णय घाईत असलेल्या माणसाच्या हातातून काढून घेते. मी शूर वगैरे नव्हतो. एडी नसता तर त्या साहेबांपुढे मीही नमलो असतो, कारण त्यांच्या घड्याळात सहा वाजत आले होते आणि माझ्याकडे फक्त शंका होती. एडीमुळे शंकेला नंबर मिळाला.

संयोजकांची चिठ्ठी आलीय: 'दहा मिनिटे'. आणि पत्रिकेतला विषय तर अजून सुरूच झालेला नाही! (हशा) तर आता भराभर.

२ जून १९८३, एअर कॅनडाचं डीसी-९. पुन्हा मागचा संडास. फ्लशच्या मोटरचे विजेचे ब्रेकर उडाले, ते पुन्हा लावायचा प्रयत्न झाला, मग धूर. सिनसिनाटीला उतरले, दारं उघडली, ताजी हवा आत गेली आणि जेमतेम मिनिट-दीड मिनिटात सगळं केबिन पेटलं. ४६ पैकी २३ गेले. आगीचं मूळ शेवटपर्यंत सापडलं नाही, पण संडासात धूरसूचक आणि डब्यावर स्वयंचलित विझवणी त्यानंतर सक्तीची झाली. तुम्ही कागद टाकता त्या डब्याच्या वर आत मुठीएवढी बाटली असते. तिच्या नळीचं तोंड चटकन वितळणाऱ्या धातूनं बंद केलेलं. डबा तापला की तोंड वितळतं आणि वायू आत सुटतो. वीज नको, बटण नको, एअर होस्टेस नको. आत एक पट्टी असते, तिच्यावरचे ठिपके उष्णतेनं काळे पडतात. आम्ही तपासायला गेलो की आधी ठिपके बघतो.

आता माझ्याच मताविरुद्धची दोन उदाहरणं, कारण ती सांगितली नाहीत तर मी प्रचारक ठरेन. पहिलं व्हॅल्यूजेट, ११ मे १९९६, फ्लोरिडा, ११० मृत्यू. सामानाच्या कप्प्यात मुदत संपलेली रासायनिक ऑक्सिजन निर्माण करणारी नळकांडी भरली होती. त्या कप्प्याचा भरवसा डब्यासारखाच, हवाबंद असल्यानं आग गुदमरेल. पण ही नळकांडी स्वतःच ऑक्सिजन देतात! आणि बोचतं ते हे: त्यांवर सुरक्षा टोपणं बसवल्याची कामाच्या कार्डावर सही होती. टोपणं बसवलेलीच नव्हती. सक्ती होती, कागद होता, सही होती. तपासणी नव्हती. त्यानंतर अशा कप्प्यांत धूरसूचक आणि विझवणी सक्तीची झाली, मुदत २००१.

दुसरं स्विसएअर १११, २ सप्टेंबर १९९८, न्यूयॉर्कहून जिनिव्हा. कॉकपिटच्या छतामागे वायरमध्ये ठिणगी, बहुधा मनोरंजनाच्या पडद्यांच्या वायरिंगशी संबंधित. वास येण्यापासून समुद्रात पडेपर्यंत वीस-एकवीस मिनिटं. २२९ मृत्यू. पेटलं काय, तर उष्णतारोधक गाद्यांचं चकचकीत वेष्टण, जे तेव्हाच्या कसोटीत रीतसर पास झालेलं होतं. तिथे आमच्यासारख्या कुणाची बॅटरी पोचतच नव्हती, यादीतच ती जागा नव्हती. पुढे एडी निघाला, सुमारे सातशे विमानांतून ते वेष्टण काढायला लावलं, आणि २००७ च्या नियमांनी वायरिंग ही स्वतंत्र यंत्रणा मानून तिची तपासणी लावली. यादी नेहमी मागच्या आगीची असते, पुढच्या आगीची नसते. हे मला कळतं आणि खटकतं, उपाय मात्र मला सुचलेला नाही.

म्हणूनच मला डब्याची युक्ती आवडते, आग लागली तरी आतच कोंडायची. २०१३ च्या जानेवारीत बोईंग ७८७ ड्रीमलायनर विमानांच्या लिथियम बॅटऱ्या तापल्या, एफएएनं विमानं जमिनीवर बसवली, एअर इंडियाचीही सहा. कारणाचा पूर्ण उलगडा होण्याची वाट न बघता शेवटी काय केलं? बॅटरीभोवती पोलादी पेटी आणि धूर विमानाबाहेर नेणारी नळी. पेटायचं तर पेट, पण आत.

दुसरी चिठ्ठी आली. शेवटचं, आणि हे तुमच्या कामाचं आहे. २८ जानेवारी २०२५ ला कोरियात एअर बुसानचं विमान उड्डाणाआधी डोक्यावरच्या कप्प्यातून पेटलं, संशय पॉवर बँकवर. सुदैवानं सगळे बाहेर पडले. मार्चपासून तिथे पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला बंदी झाली, हाताशी ठेवायची. तुम्हीही हाताशीच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत तर मुळीच नाही. आणि फोन सीटच्या फटीत पडला, तर सीट मागेपुढे करून शोधू नका. आत चिरडला की बॅटरी पेटते. बटण दाबून कर्मचाऱ्यांना बोलवा, ते सीट उघडून काढतात. आमच्या काळात या कामाला एक चिमटा आणि लांब बोटांचा हेल्पर लागायचा, आता काय वापरतात ते प्रश्नोत्तरांत सांगतो.