पटावरची फियाट

नमस्कार श्रोतेहो. कापसाची वेचणी आटोपत आली असेल, घरोघरी तुरीच्या ओल्या शेंगांचे सोले निघत असतील. हात चालू द्या, कान इकडे असू द्या. आज मी एका मोटारीबद्दल बोलणार आहे. ती मोटार आपल्यापैकी कुणाच्याही दारात कधी उभी राहणार नाही, कारण ती बाजारात आलीच नाही. तरी तिच्यासाठी जगभरची माणसं अजून हळहळतात.

पंधरवड्यामागे आर्वी रस्त्यावरच्या एका गॅरेजात बसलो होतो. मिस्त्रींचा भाचा चाकणला मोटारींच्या कारखान्यात कामाला आहे, तो सुट्टीवर आला होता. त्यानं मोबाईलवर एक फोटो काढून मामांपुढे धरला. "मामाजी, हे गाडी पाहा." मिस्त्रींनी हात पुसले आणि फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. बघता बघता चारपाच जण जमा झाले. एक रिटायर झालेले एसटीचे ड्रायव्हर, एक जिनिंगवाले, दोन पोट्टे आणि बाकावर बसलेले आमचे आबाजी. वय ऐंशीच्या पुढे, एके काळचे नावाजलेले धुरकरी, म्हणजे शर्यतीत बैलजोडी हाकणारे. शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, त्यांची जोडी उतरली की दोन जिल्ह्यांतली माणसं यायची.

फोटो होता निस्सानच्या आयडीएक्स निस्मोचा. 2013 साली टोकियोच्या मोटार प्रदर्शनात ही नमुन्याची गाडी ठेवली होती. रूप मात्र जुनं. 1967 साली जपानात निघालेल्या डॅटसन 510 चं, तिकडच्या ब्लूबर्डचं रूप. सरळ छत, चौकोनी अंग, मागे डिक्कीचा वेगळा डबा. दार दोनच, पण चण सेडानची. खाली 19 इंची चाकं आणि आत 1.6 लिटरचं टर्बो इंजिन.

ही 510 साधीसुधी गाडी नव्हती. 1970 ची पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली तिनं जिंकली. चिखल, दगड, धूळ, तिथले रस्ते आपल्या पांदण रस्त्यांचे मोठे भाऊ. मग 1971 आणि 1972 ला अमेरिकेत ट्रान्स-ॲम शर्यतींच्या अडीच लिटरपर्यंतच्या इंजिनांच्या गटात ती सलग दोन वर्षं अव्वल आली. किंमत मध्यमवर्गाची, मागची दोन्ही चाकं आपापला खड्डा स्वतंत्र झेलणारी, आणि इंजिनाचा जोर मागच्या चाकांना. हे शेवटचं ध्यानात ठेवा राजेहो. जोर मागच्या चाकांना. पुढे याचं काम पडणार आहे.

गॅरेजात प्रत्येकाचं मत वेगळं निघालं. पोट्टे म्हणाले, लय भारी. जिनिंगवाले म्हणाले, जुनंच काढायचं तर नवं डोकं कशाला ठेवलं कंपनीनं? एसटीवाल्या काकांना काचा आवडल्या. आजकालच्या गाडीतून मागचं काहीच दिसत नाही, हिच्यातून दिसेल, म्हणाले. खरं आहे ते. मला विचाराल तर खिडक्या लहान करणं आणि एसीचं बटण काढून तिथे काचेची पाटी बसवणं, या दोन्ही गोष्टींनी गाडी चालवणं अवघड केलंय. पाटी पाहायला नजर रस्त्यावरून काढावी लागते. बटण बोटाला आंधळेपणीही सापडतं. असो.

आबाजी काही बोलले नव्हते. आता आबाजी काय बोलले ते सांगतो, पण त्यासाठी तुम्हाला पटावर न्यावं लागेल.

वर्ष असेल 1978 किंवा 79. मी शाळकरी पोरगा. आमच्या भागात तळेगाव दशासरचा शंकरपट मोठा, पण गावोगावीही लहान पट भरायचे. त्या वर्षी आमच्या गावच्या पटाला एका व्यापाऱ्याचा तरुण मुलगा नवी कोरी प्रीमियर पद्मिनी घेऊन आला. आपण सगळे तिला फियाटच म्हणायचो. 1089 सीसीचं इंजिन, 40-45 घोड्यांची ताकद, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. मलईच्या रंगाची गाडी, पंचक्रोशीत दुसरी नव्हती. पट संपला, बक्षिसं वाटून झाली, आणि हा मुलगा आबाजींना म्हणाला, "तुमची जोडी माह्या गाडीसंगं धावते का?"

आबाजी तेव्हा तिशीतले, अंगानं काटक. त्यांचे बैल मोरा आणि हिरा नुकतेच पहिले आले होते. लोकांनी गलका केला. आबाजींनी बैलांना पाणी दाखवलं, अर्धा तास सावलीत उभं केलं, आणि मग म्हणाले, "चाल."

एका बाजूला छकडी, एका बाजूला फियाट. मी लिंबाच्या झाडावर. निशाण पडलं. आबाजींनी नुसती हाळी दिली आणि मोरा-हिरा जमिनीतून उसळले. इकडे त्या मुलानं ॲक्सिलेटर तळापर्यंत दाबला आणि क्लच झटक्यात सोडला. गाडी किंचाळली, पण हलेना! दिवसभर बैलांच्या खुरांनी भुसभुशीत झालेली काळी माती, मागची चाकं जागेवरच गरगर फिरली, मातीचा फवारा मागे उभ्या असलेल्या पंचांच्या अंगावर. चाकांनी जमीन धरेपर्यंत छकडी शेवटाला पोचली होती.

मुलगा रडवेला झाला. लोक ओरडत होते, शिट्ट्या मारत होते. आबाजी छकडीवरून उतरले, गाडीजवळ गेले, मागे वाकून चाकं पाहिली, हातानं माती चाचपली. म्हणाले, "गाडी खोटी नाही बाप्पू. तिचा जोर मांगच्या चाकात हाय आन मांगं वजन नाही. डिक्कीत सरकीचे दोन पोते टाक, मांगं दोन मानसं बसव, आन क्लच हळू सोड."

समोरच्याला हरवल्यावर त्याला जिंकायची युक्ती सांगणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. पोती टाकली, दोन माणसं बसली. दुसऱ्यांदा निशाण पडलं. या वेळी फियाटनं जमीन धरली. सुरुवातीला बैल पुढे, मग गाडी सरकत सरकत बरोबरीला आली, आणि शेवटाला कोण पुढे होतं यावर आमच्या गावात अजून दोन मतं आहेत. मी झाडावर होतो, मला जोडी पुढे दिसली.

तिसऱ्यांदा धावायचा आग्रह झाला. आबाजींनी जू उतरवलं. म्हणाले, "गाडी थकत नाही, माहे बैल थकते." बैलांच्या पाठीवर हात फिरवत ते घरी गेले.

2014 ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या तेव्हा मी आबाजींना पटाबद्दल विचारलं होतं. त्यांनी कोर्टाला दोष दिला नाही. बैलाला आरी टोचणारे, शेपटी पिरगाळणारे लोक त्यांना कधीच आवडले नव्हते. 2021 च्या डिसेंबरात परवानगी परत मिळाली, 2023 च्या मे महिन्यात घटनापीठानंही कायदा मान्य केला, तेव्हा पहिल्या पटाला ते काठी टेकत गेले आणि दिवसभर फक्त बैलांचे पाय पाहत बसले.

तर गॅरेजात भाच्यानं फोटो आबाजींपुढे धरला. त्यांनी मोबाईल लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. पटावरचा गोऱ्हा पाहावा तसं मागच्या बाजूला बोट ठेवलं आणि विचारलं, "जोर मांगच्या चाकाले हाय का?"

भाचा उडालाच. "हो आबाजी! मागच्याच!"

"मंग खरी हाय."

श्रोतेहो, जगभरच्या शौकिनांनी या गाडीबद्दल पहिला प्रश्न हाच विचारला होता. जुनं रूप कुणीही चढवेल, पण आतली धाव जुन्या जातीची आहे का? जोर मागच्या चाकांना आहे का? आबाजींनी इंजिन कधी उघडून पाहिलेलं नाही, पण पायाकडे पाहणारी नजर तीच आहे.

मिस्त्रींनी दुसरा प्रश्न विचारला, गिअर हातानं टाकायचा ना? इथे भाच्याचा चेहरा पडला. हिला सीव्हीटी होती, म्हणजे पट्ट्यावर चालणारा आपोआपचा गिअर. हातानं सहा टप्पे बदलायची सोय दिलेली, पण क्लच नाही. शौकिनांना तिकडेही हेच खटकलं होतं. मिस्त्री म्हणाले, "मंग अर्धी खरी."

आबाजींनी तिसरा प्रश्न विचारला, "कधी येते?"

येणार नाही, भाचा म्हणाला. कंपनीनं दाखवली, लोक वेडे झाले, आणि गाडी कारखान्यात गेलीच नाही. ह्युंदाईनंही 2022 च्या जुलैत एन व्हिजन 74 नावाची अशीच गाडी दाखवली, हायड्रोजन आणि बॅटरीवर चालणारी. तिचं रूप 1974 ला ट्यूरिनमध्ये मांडलेल्या पोनी कूपेचं, इटलीच्या जॉर्जेटो जुजारो या रेखाटनकारानं रेखलेलं. आपल्याकडे मॅटिझ आली होती ना, तिचं रूपही त्याच्याच संस्थेतून आलेलं. एन व्हिजनच्या फोटोपुढेही माणसं अशीच थांबली. मला हे बरोबर वाटत नाही. माणसाला आस लावायची असेल तर गाडी बनवावी. पटावर जोडी आणून नुसती मिरवायची नसते, धाववायची असते.

गॅरेजात थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग जिनिंगवाले म्हणाले, आमच्या वाड्यात मागच्या बाजूला एक फियाट उभी आहे, वीस वर्षांपासून. मलईच्या रंगाची. त्या व्यापाऱ्याच्या मुलाकडून वडिलांनी घेतलेली.

तीच गाडी. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे गेलो. आबाजींना मोटारसायकलवर मध्ये बसवून नेलं. डिक्की उघडली तर कोपऱ्यात, पत्र्याच्या सांध्यात, सरकीचे चार दाणे अडकलेले.

भाच्यानं सुट्टी वाढवून घेतलीय. इंजिन हातानं फिरतंय, ब्रेकचं काम चालू आहे, कार्बोरेटर मिस्त्रींनी उघडून ठेवलाय. अडलंय ते डाव्या बाजूच्या मागच्या दिव्याच्या लाल काचेपाशी आणि ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीपाशी. कुणाच्या गोठ्यात, माळ्यावर, जुन्या लोखंडात पद्मिनीचे हे दोन भाग पडले असतील तर आपल्या रेडिओ केंद्राच्या पत्त्यावर कळवा. भंगारात घालू नका, आम्ही न्यायला येऊ. नमस्कार.